घोरण्याची झडती

मी तिसरीतून निघालो तो हसण्यापायी. मास्तर सतराचा पाढा घेत होते आणि सतरा चोकाशी त्यांचा वारा सरला. साऱ्या वर्गानं ऐकलं. बाकीच्यांनी पाटीमागं तोंडं लपवली, मला ते जमलं नाही. निरगुडीचा फोक माझ्या पोटऱ्यांवर मोडला, तेव्हा मास्तरांनी दुसरा फोक तोडून आणायला मलाच पाठवलं. मी निघालो तो सरळ वावरात गेलो. बापानं विचारलं, "काहून आला रे?"

"हासलो."

"मंग धर डवरा," बाप म्हणाला, आणि शाळा संपली.

म्हणून हे लिहिणं तिसरीतल्या माणसाचं आहे. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, सातवी झालेली होती. मी काही कागद लिहिला की ती वाचायची आणि म्हणायची, "ह्ये काय लिवलं, कोंबडीनं का?" आता कोंबडीनं लिहिलं तसंच राहील. ती गेली.

आमचं गाव तिवशाच्या डांबरी रस्त्यापासून आत, काळ्या मातीत. मी सांगतो ती वर्षं कपाशीची वाईट वर्षं होती. पंगतीला बसलं की समोर कोणी ना कोणी मुंडण केलेला असायचाच. आमच्याकडे घरात माणूस गेला की वर्षभर सण करत नाहीत. तेरवी झाली, सुतक फिटलं, तरी वर्षसराद्ध होईस्तोवर पुरणाचा वास त्या घरातून यायचा नाही. जुन्या लोकांनी हा नियम केला तेव्हा गावात मरणं मोजकी असतील. अर्धं गाव वर्षाच्या आत बसलं की सण करायचा कोणी, हे त्यांनी ठरवून ठेवलं नाही.

आणि मी तर झडत्या म्हणणारा माणूस. पुण्या-मुंबईच्या माणसाला झडती म्हटलं की पोलीस आठवतो. आमच्याकडे झडती पोळ्याची असते. बैल सजून तोरणाखाली उभे राहिले की कोणी तरी पुढं होतो आणि गावातल्या एकाची यमक जुळवून फजिती करतो. कंजूस असो, बायकोला भिणारा असो, सरपंच का असेना. शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला" असं म्हटलं की सगळे "हर हर महादेव" करतात. ह्यात एक कायदा आहे. ज्याची उडवली, त्यानंच सगळ्यात मोठ्यानं महादेव म्हणायचा. तो चिडला तर तो हरला.

माझ्या पोरावर मी दरवर्षी एकच झडती म्हणायचो. तो जागलीला जायचा, म्हणजे रात्री डुकरांपासून पीक राखायला, आणि माच्यावर असा घोरायचा की शेजारच्या वावरातली कुत्री भुंकत.

"पोट्टा माहा गेला जागलीले,
घोरत पडला माच्यावर,
डुकरं म्हनत, हळू खा रे बाप्पा,
मालक निजला आपल्या भरोशावर!"

पोरगा आपल्या लेकीला खांद्यावर घेऊन उभा असायचा आणि दोघं बाप-लेक असा महादेव म्हणत की बैल दचकत. ती पोट्टी म्हणजे माझी एकुलती नात.

मग एका फवारणीत पोरगा गेला. कोणी म्हणे फवारताना औषध अंगात भिनलं, कोणी म्हणे मुद्दाम प्याला. मी त्यात पडत नाही. औषध एकच होतं. सून काही महिन्यांनी अकोल्याला भावाकडे गेली आणि दाल मिलमध्ये कामाला लागली. "जम बसला की पोरीले नेतो," म्हणाली. नात आमच्यापाशी राहिली. दुसरीत होती. बाप गेला त्या दिवसापासून शाळेत तिनं तोंड उघडलं नाही. घरी "हो", "नाही", "पानी दे" एवढं. शाळेत तेवढंही नाही.

आमची बुढी त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. शाळेला दोन खोल्या, एक ओटा आणि मागं टिनाचं स्वयंपाकघर. तिथं त्या साली एक नवा गुरुजी आला. सातारच्या बाजूचा होता, बोलायचा पुस्तकासारखं. पहिल्या आठवड्यात पोट्ट्यांनी त्याच्या भाषेवरून चिडवून चिडवून त्याला हैराण केलं. दुसरा असता तर निरगुडी शोधायला निघाला असता. ह्यानं काय केलं, ते बुढीनं मला येऊन सांगितलं.

"अवो, त्या मान्साले गाय काढता येत नाही."

"मंग?"

"फळ्यावर गाय काढली, अन तिले पाच पाय लावले. पोट्टे बोंबलले, गुरुजी, पाच पाय झाले! तो म्हने, कुठे? मोजून दाखवा. पोट्टे गेले, मोजले. तो म्हने, मग पाचवा कोणाचा? एक पोट्टी म्हने, तुमचा. तो म्हने, अरे हो, मी सकाळपासून शोधतोय. अन लंगडत गेला न खुर्चीवर! मी खिचडी सोडून पाहून राह्यली, ह्याले खरंच येत नाही का काय. मंग समजलं. मुद्दाम करते तो."

तो रोज काही तरी मुद्दाम चुकायचा. पुस्तक उलटं धरायचा, पावसाळ्याला उन्हाळा म्हणायचा, वजाबाकीत आंबे वाढवायचा. पोरं त्याची चूक काढायला टपून बसत, आणि चूक काढायची तर बरोबर काय ते ठाऊक पाहिजे. जे पोट्टे दोन वर्षांत अक्षर ओळखत नव्हते, ते वाचायला लागले. मास्तराला हसता यावं म्हणून शिकले. बुढीनंही तेच धरलं. ताटात रिकामा डाव पालथा करायची आणि म्हणायची, "झालं तुहं, ऊठ." पोरगं ओरडायचं, "आजी, ताट रिकामं हाय!" "मंग रिकामं लिवून दाखव पाटीवर, तवा देतो."

सगळी हसत. आमची नात भिंतीला टेकून बसायची.

एका संध्याकाळी गुरुजी घरी आला. मी ओट्यावर दोर वळत होतो. तो खालीच बसला.

"बाबा, तिला सगळं येतं. मी चुकलो की तिचे डोळे हलतात. पण तोंड उघडत नाही. मी रोज तिच्यासमोर गाढव होतो."

"होत राहा," मी म्हटलं. "मास्तर गाढव झाला तर गावचं नुकसान नाही."

तो हसला, पण हसू टिकलं नाही. म्हणाला, "नापास कोणी करणार नाही तिला. अशीच पुढं ढकलत नेतील. न बोलणारं मूल पुढच्या वर्गांत कोणाच्या लक्षातही येत नाही, हीच भीती आहे. आत्ताच तोंड उघडलं पाहिजे."

आतून बुढी म्हणाली, "अवो, त्यायले झडती सांगा एखादी."

मी सांगितली. तो मांडी ठोकून हसला आणि दुसऱ्या दिवशी मला शाळेत घेऊन गेला. तिसरीतून पळालेला माणूस नातीच्या वर्गात फळ्यापाशी उभा राहिला. मी गुरुजीवरच बांधली होती:

"गुरुजीनं काढली फळ्यावर गाय,
गायीले निंघाले पाच पाय,
गाय म्हने, गुरुजी, एक तुमीच ठेवा,
फटफटी बंद पडली त कामी लावा!"

गुरुजीची फटफटी रोज बंद पडायची. पोट्टे लोळले. गुरुजीनं झडतीचा कायदा विचारून घेतला होता, त्यानंच सगळ्यात मोठ्यानं महादेव म्हटला. मग ती झडती फळ्यावर लिहिली, आणि पोरांनी ती फळ्यावरून वाचून वाचून घसा बसवला. शेवटी त्यानं सांगितलं, "तान्ह्या पोळ्याला प्रत्येकानं आपल्या घरच्या माणसावर एक झडती करून आणायची. स्वतः लिहून."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. लाकडाचे नंदी दोरीनं ओढत तोरणाखाली आणतात, मोठी माणसं त्यांच्या हातावर बोजारा म्हणून चिल्लर, खाऊ ठेवतात. त्या वर्षांत खरे बैल विकून विकून पोळा इतका आटला होता की लाकडाचेच नंदी जास्त दिसत.

गुरुजी बाहेरचा. वर्षाच्या आतलं घर पोळ्याला येत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आमचं वर्षसराद्ध पोळ्यानंतर येत होतं.

पोळ्याच्या आधी एक दिवस बुढी शाळेतून घाईनं आली. डोक्यावरचा पदरही धड नव्हता.

"पोट्टी बोलली."

"काय बोलली?"

"चुलीपाशी तांदूळ निवडून राह्यली होती माह्याजवळ. एकदम म्हने, आजी, मी झडती केली. म्या म्हटलं, म्हन. तिनं म्हटली. अन म्हनता म्हनता हासली वो! तिचा दात पडेल हाय, ते बी मले आज दिसलं."

"कोनावर केली?"

बुढीनं पदर सावरला. मग म्हणाली, "बापावर."

मी दोर खाली ठेवला. "अवं, वर्ष निंघालं नाही. लोक काय म्हनतीन?"

"लोक बारा महिने म्हनतेत. त्यायले दुसरं काम हाय का? पोट्टीनं इतक्या महिन्यानं तोंड उघडलं, अन मी म्हनू, थांब माय, तिथी पाहून हास?"

"पन तोरनाखाली?"

"तोरनाखाली. झडती चुलीपाशी म्हनतेत का?"

खाटेखालून तिनं नंदी काढला. पोरानं आदल्या साली बाभळीच्या लाकडाचा केला होता, एक कान आखूड. बुढीनं त्याला तेल लावलं.

तान्ह्या पोळ्याला आम्ही गेलो तेव्हाच कुजबुज सुरू झाली. एक जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुमचं वर्ष..." मी म्हटलं, "माहा नाही, पोट्टीचा पोळा हाय." तो बाजूला झाला. पोरांनी एकेक झडती म्हटली. कोणाची आई भाकर जाळते, कोणाचा आजा दात खिशात ठेवतो. लोक हसत होते. बऱ्याच दिवसांनी त्या चौकात तेवढा आवाज ऐकला.

मग आमची नात पुढं आली. नंदीची दोरी मुठीत गच्च. गुरुजीनं मान हलवली. तिनं सुरू केलं, आणि तिचा आवाज कसा होता हेच मी विसरलो होतो, असं मला वाटलं.

"बाबा माहा गेला जागलीले,
घोरत पडला माच्यावर,
डुकरं म्हनत, हळू खा रे बाप्पा,
मालक निजला आपल्या भरोशावर!"

हे माझंच होतं. लोकांनी माना खाली घातल्या. पण ती थांबली नाही. पुढचं तिचं होतं.

"आता बाबा देवाच्या घरी,
देवाले लागत नाही झोप,
देव म्हने, न्या रे याले वापस,
घोरनं हाये का हाये तोप!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

आणि ती वाट पाहत उभी राहिली.

कोणी महादेव म्हटला नाही. ज्याची उडवली त्यानं सगळ्यात मोठ्यानं म्हणायचं, आणि तो तर नव्हता. पोट्टी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. बरोबर जमलं की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं.

तेवढ्यात बुढी हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसणं खरं होतं, पोटातून आलेलं. पोराच्या बदल्यात तिनंच आवाज दिला, "हर हर महादेव!" मीही हसलो. खोटं कशाला लिहू, झडती चांगली होती. देवाला झोप लागत नाही, हे मला सात जन्मात सुचलं नसतं. मीही महादेव म्हटला. आम्ही दोघंच. गुरुजीनं तोंड उघडलं होतं, पण लोकांकडे पाहून ते तसंच राहिलं.

"लाज नाही वाटत का वं बुढे?" एक बाई म्हणाली. "पोटचा गेला अन दात काढून राह्यली."

बुढी म्हणाली, "लेकरू हासून राह्यलं, त हासा ना वं तुमी बी. एक डाव हासा."

पण तोवर बायका पोट्टीभोवती जमल्या होत्या. कोणी तिला मारलं नाही, कोणी रागावलं नाही. तसं झालं असतं तर बरं होतं, पोर रडून मोकळं झालं असतं. त्यांनी तिला कवटाळलं. "माय वं, माह्या लेकराले बापाची आठोन आली वं," म्हणून एकीनं सुरू केलं आणि मग दुसरीनं. त्या बायका वाईट नव्हत्या. एकीचा नवरा गेला होता, दुसरीचा भाऊ. त्यांना रडायला एक ठिकाण सापडलं. पोट्टी त्यांच्या पदरांत दिसेनाशी झाली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिल्लर होती, गालांना दुसऱ्यांचं पाणी लागलेलं होतं, आणि दोरी सुटून नंदी तिकडे पडला होता. तो तिनं उचलला नाही. मी उचलला.

घरी येताना बुढीनं तिला विचारलं, "माय, लय झक्कास म्हटली तू. पुन्हा म्हनतं का?"

तिनं मान हलवली. नाही.

आठ दिवसांनी मी शाळेकडून चाललो होतो. खिडकीतून फळा दिसला. गाय काढली होती. चार पाय होते, नीट, सरळ. पोरं ती गप बसून वहीत काढत होती. कोणीतरी वर तक्रार केली होती म्हणे, की गुरुजी अभ्यास सोडून तमाशे करतो आणि सुतकातल्या पोरीला नाचवतो. गुरुजी संध्याकाळी आला. चहा घेतला नाही.

"बाबा, माझी चूक झाली का?"

बुढी आतून म्हणाली, "गुरुजी, तुमी रोज चुकत होते तेच बरोबर होतं. आता नका बरोबर वागू."

पण तो बरोबरच वागला. नोकरी होती. उन्हाळ्यात त्यानं बदली करून घेतली आणि आपल्या मुलखात गेला. खिचडीचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं. कारण कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्याच्या आधीच, वर्षसराद्धाला सून आली ती पोरीला सामानासकट घेऊनच गेली. "तुमच्यापाशी ठेवली त तिचा तमाशा कराल," म्हणाली. तिला कोणी काय सांगितलं असेल ते मला समजतं. तिचा नवरा गेला होता, तिच्याशी मी भांडत नाही.

अकोल्याच्या शाळेतून पोरीचे रिपोर्ट चांगले यायचे. शांत आहे, कधीच त्रास देत नाही, अक्षर सुंदर. सून फोनवर अभिमानानं वाचून दाखवायची. बुढी ऐकून घ्यायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. "शांत हाय म्हन्ते," एवढंच बोलायची आणि भाकरी थापायला लागायची. आपली शाळा पट कमी झाला म्हणून पुढं बंद पडली. त्या ओट्यावर आता लोक सोयाबीन वाळू घालतात.

मागच्या हिवाळ्यात बुढी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेली. शेवटच्या दिवसांत तिला बोलताना धाप लागायची, तरी एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "त्या दिशी तुमी बी हासले, म्हनून बरं झालं. एकटी असती त मलेच वाटलं असतं, मी येडी."

तेरवीला नात आली. आता मोठी झाली, अकोल्याच्या एका कॉन्व्हेंटात पहिलीच्या पोरांना शिकवते. पंगत उठल्यावर मी तिला विचारलं, "पोट्टे हासतेत का तुह्या वर्गात?"

"नाही आबाजी," ती म्हणाली. "आमच्याकडे शिस्त खूप चांगली आहे. पालक त्यासाठीच टाकतात." मग तिनं माझ्या औषधांच्या गोळ्या पाहिल्या, कोणती कधी घ्यायची ते समजावलं. भली पोरगी आहे. तिच्यात नाव ठेवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी तिला तिवशाच्या स्टँडवर सोडायला गेलो. एसटीला वेळ होता. बाकड्यावर बसलो. मी म्हटलं, "तुले ते झडती याद हाय का? घोरन्याची?"

"कोणती?"

"तुह्या बापावरची. तूनं केली होती."

तिनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठी पडली. मग म्हणाली, "बाबा घोरत होते?"

झडती पुन्हा म्हणून दाखवली असती, पण ती तिची होती, माझ्या तोंडात ती मेलेली निघाली असती. मग मी तिथंच बाकड्यावर डोकं मागं टाकलं, तोंड उघडलं आणि पोरगा घोरायचा तसा घोरून दाखवला. आधी लांब ओढ, मग मध्येच अडकायचं, मग एकदम फुटायचं. स्टँडवरचे लोक वळले. समोर एका बाईच्या मांडीवर एक तान्ही पोट्टी होती, ती खळाळून हसली.

नातीनं माझ्या हातावर हात ठेवला. "आबाजी, हळू. लोक पाहून राहिले."

मी थांबलो. अकोल्याची गाडी लागली. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, पिशवी उचलली आणि चढली. तिला पलीकडच्या बाजूची जागा मिळाली, म्हणून तोंड दिसलं नाही.

मांडीवरची ती तान्ही माझ्याकडे पाहत होती, अजून कर म्हणून. तिच्या आईनं तिचं तोंड दुसरीकडे फिरवलं.